भिगवणचे सांधे आणि संशोधनाचे संदर्भ

उजनीच्या फुगवट्यावर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे भिगवण महाराष्ट्राला परिचित आहे; परंतु संधिरोगतज्ज्ञांना इंदापूर तालुक्यातील हे गाव वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने चालणाऱ्या 'कॉपकॉर्ड' उपक्रमांतर्गत पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये येथे घरोघर पाहणी केली. ४०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्क्यांना, सांधे व स्नायूंच्या तक्रारी आढळल्या. बांगलादेश, इराण, मेक्सिको येथेही पुढे अशा पाहण्या झाल्या आणि त्या वाङ्मयात भिगवणचे नाव रूढ झाले.

संशोधकाचे मोल हल्ली त्याचे निबंध इतरांनी किती वेळा संदर्भास घेतले, यावर ठरविले जाते. २००५ मध्ये हिर्श यांनी सुचविलेला 'एच-निर्देशांक' सर्वपरिचित आहे : ज्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकी किमान वीस वेळा उल्लेख झाला, त्याचा निर्देशांक वीस. 'इम्पॅक्ट फॅक्टर' मात्र नियतकालिकाचा असतो, निबंधाचा नव्हे. बारामतीच्या औषधी पेठेत रंगीत पत्रक पुढे करणारा प्रतिनिधी हा भेद क्वचितच सांगतो!

भिगवणच्या निबंधात नवे औषध नाही. तरी तो उपयोगी पडतो, कारण ज्यांना काहीच दुखत नव्हते त्यांचीही त्यात मोजदाद आहे. आपल्या केसपेपरांत केवळ दाराशी आलेला रुग्ण असतो. ज्याला गुण न आल्याने तो परतलाच नाही, त्याची नोंद कोण ठेवतो?

डॉ. चोप्रा यांनी डॉ. भूषण पटवर्धन प्रभृतींसह आयुर्वेदीय कल्पांचीही परीक्षा केली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, १८२ आमवातरुग्णांवरील चाचणीत औषधाविना दिलेल्या गोळीनेही बऱ्याच जणांना बरे वाटले. त्यामुळे कल्पाचा गुण निर्विवाद सिद्ध करता आला नाही. तो निष्कर्ष त्यांनी दडविला नाही, हे मला विशेष वाटते.

२०१३ मध्ये 'ऱ्हुमॅटॉलॉजी' या नियतकालिकात त्यांचा पुढचा महत्त्वाचा निबंध आला. गुडघ्याच्या संधिगतवाताचे ४४० रुग्ण, चोवीस आठवडे. एकीकडे गुडूची, शुंठी, आमलकी, शल्लकी या द्रव्यांचे कल्प, दुसरीकडे ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब. वेदना व हालचाल या दोन्हींत आयुर्वेदीय कल्प आधुनिक औषधांच्या तोडीस तोड ठरले. आपल्या शास्त्राला अभिमान वाटावा असाच हा निष्कर्ष आहे. परंतु त्याच सारांशाच्या अखेरीस आणखी एक वाक्य आहे : काही रुग्णांत एस.जी.पी.टी. अनपेक्षितपणे वाढले असून सुरक्षिततेचा अधिक अभ्यास आवश्यक आहे. 'सेलेकॉक्सिबइतके गुणकारी' एवढेच उद्धृत करणाऱ्याच्या लेखी हे वाक्य नसतेच. संदर्भांच्या संख्येतही ते दिसत नाही. त्यासाठी निबंध मुळातून वाचावा लागतो.

उसाच्या फडात राबून गुडघे झिजलेला रुग्ण एकदा आराम पडला की तीच बाटली दुकानातून परस्पर नेत राहतो. तेव्हा सहा-सहा महिने असे कल्प चालू असतील, त्यातही मद्यपान वा पूर्वी कावीळ झालेली असेल, तर वैद्यांनी आरंभी व मध्यंतरी यकृताची तपासणी करून घ्यावी. आणि औषधी दुकानदारांनी तिसरी बाटली देण्यापूर्वी वैद्यांची चिठ्ठी मागावी.