रक्तातील फेरफार

लांब पल्ल्याच्या स्कीइंगच्या शर्यतीत, निदान गेल्या शतकाच्या मध्यास रूढ असलेल्या पद्धतीप्रमाणे, सर्व स्पर्धक एकाच वेळी सुटत नसत. अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या अंतराने एकेकाला सोडण्यात येई, आणि मग पाइनच्या राईतून, चढउतारांवरून, पायांतल्या दोन लांब लाकडी पट्ट्यांवर तोल सावरीत आणि हातांतल्या दोन काठ्यांनी बर्फ मागे रेटीत ज्याने त्याने एकट्यानेच घड्याळाशी झुंजावयाचे, असा तो खेळ असे. कोण जिंकला हे डोळ्यांना दिसत नाही. ते वेळ टिपणाऱ्याच्या वहीत उमटते. १९६४ सालच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये, ऑस्ट्रियातील इन्सब्रुकजवळच्या झेफेल्ड या गावी, पंधरा किलोमीटरच्या शर्यतीची ही वही पुरी झाली, तेव्हा पहिले आलेले फिनलंडचे एरो मॅन्त्युरांता आणि दुसरे आलेले नॉर्वेचे हाराल्ड ग्रोनिंगेन यांच्या वेळांमध्ये ४०.७ सेकंदांचे अंतर भरले. एक-दोन सेकंदांनी जेथे पदकाचा धातू बदलतो, तेथे हे अंतर किती मोठे, हे त्या खेळातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. त्याच सामन्यांत तीस किलोमीटरच्या शर्यतीतही त्यांनी त्याच ग्रोनिंगेन यांना एक मिनिट अकरा सेकंदांहून अधिक फरकाने मागे टाकले होते. फिनलंडच्या लोकांनी त्या दिवसांपासून त्यांना 'मिस्टर झेफेल्ड' असे नाव दिले, आणि ते जन्मभर त्यांना चिकटले.

मॅन्त्युरांता यांचा जन्म २० नोव्हेंबर १९३७ रोजी फिनलंडच्या अगदी उत्तरेकडील लॅपलंड इलाख्यात, पेल्लो गावानजीकच्या लान्कोयार्वी या लहानशा वस्तीत झाला. फिनिश भाषेत 'यार्वी' म्हणजे सरोवर, 'मॅन्त्यु' म्हणजे पाइन वृक्ष आणि 'रांता' म्हणजे तीर; तेव्हा या माणसाचे नाव आणि गाव एकत्र वाचले की त्याचा सारा मुलूखच डोळ्यांपुढे उभा राहतो. पेल्लो हे गाव उत्तर ध्रुववृत्ताच्या किंचित पलीकडे, तोर्निओ नदीच्या काठी वसलेले असून नदीपलीकडे स्वीडनची हद्द लागते. विज्ञानाच्या इतिहासात या गावाची नोंद पूर्वीच झालेली आहे, ती येथे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे की विषुववृत्तापाशी आवळलेली आहे, या वादाचा निकाल लावण्यासाठी फ्रेंच विद्वान मोपर्त्युई १७३६ साली आपल्या मंडळींसह या प्रांतात आला, आणि तोर्निओपासून पेल्लोजवळच्या कित्तिसवारा टेकडीपर्यंत त्याने रेखावृत्ताच्या कमानीची मोजणी केली. न्यूटनचे म्हणणे खरे ठरले. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटीच निघाली. ज्या गोठलेल्या नदीच्या पृष्ठावर ती मोजणी झाली, तिच्याच काठच्या मुलखात दोनशे वर्षांनी जन्मलेल्या एका मुलाच्या रक्ताची मोजणी करण्यास शास्त्रज्ञांना पुन्हा या गावाकडे यावे लागले.

बालपण गरिबीत आणि युद्धकाळात गेले. १९४४ च्या अखेरीस माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने लॅपलंडमधील गावेच्या गावे जाळून टाकली होती, आणि मागे राहिलेल्या मुलखात हिवाळ्याचे कित्येक महिने पायांखाली स्की बांधल्यावाचून शाळा, दुकान वा शेजाऱ्याचे घर गाठणे अवघड होते. म्हणजे खेळ म्हणून नव्हे, वहिवाट म्हणून हा मुलगा स्कीवर उभा राहिला. पुढे सरहद्दीवरील पहारेकऱ्याची नोकरी मिळाली, तेव्हा चरितार्थाची चिंता मिटली आणि सरावालाही सवड झाली. त्या काळचे स्की लाकडाचे असत. त्यांना तळाशी पाइनचे डांबर तापवून चोपडीत, म्हणजे लाकूड पाणी पीत नसे. आणि त्यावर त्या-त्या दिवशीच्या बर्फाचे तापमान पाहून निवडलेले मेण घाशीत. हे मेण असे हवे की पायाचा दाब पडताच त्याने बर्फ धरावा आणि दाब सुटताच सोडावा. निवड चुकली तर चढावर पाय मागे घसरतात किंवा उतारावर स्की चिकटून बसतो, आणि महिन्यांचे कष्ट एका सकाळी वाया जातात. १९६० साली अमेरिकेतील स्क्वॉ व्हॅली येथे बावीस वर्षांचे मॅन्त्युरांता फिनलंडच्या चौघांच्या साखळी शर्यतीत उतरले, आणि वेइक्को हाकुलिनेन या ज्येष्ठ खेळाडूने अखेरच्या टप्प्यात सेकंदाहूनही कमी फरकाने ती शर्यत खेचून आणल्यामुळे पहिले सुवर्णपदक त्यांच्या पदरी पडले. १९६२ आणि १९६६ या दोन्ही सालच्या जागतिक स्पर्धांत तीस किलोमीटरचे अजिंक्यपद त्यांचेच होते.

या सर्व काळात एक गोष्ट त्यांच्या पाठीशी कुजबुजीसारखी लागून राहिली. त्यांचा चेहरा लालभडक असे, उतारवयात तर तो जांभळट दिसू लागला. आणि वैद्यकीय तपासणीत त्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिनचा आकडा इतका चढा निघे की हा काही औषधाचा किंवा बाहेरून भरलेल्या रक्ताचा प्रताप असावा, असा संशय घेणारे लोक निघाले. हे हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींत भरलेले, प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य. निरोगी पुरुषाच्या शंभर मिलिलिटर रक्तात ते साधारणपणे चौदा ते सतरा ग्रॅम असते. मॅन्त्युरांता यांच्या रक्तात ते वीस ग्रॅमच्या वर होते. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू उचलते. या हिशेबाने पंधरा ग्रॅमवाल्या माणसाच्या शंभर मिलिलिटर रक्तात वीस मिलिलिटर प्राणवायू मावतो, तर वीस ग्रॅमवाल्याच्या तेवढ्याच रक्तात जवळजवळ सत्तावीस. स्कीइंगमध्ये पाय, पाठ, खांदे आणि दंड एकाच वेळी राबत असल्यामुळे प्राणवायूची मागणी इतर बहुतेक खेळांपेक्षा अधिक असते; अशा ठिकाणी दर ठोक्यागणिक तिसऱ्या हिश्शाची ही वाढ काय मोलाची असेल, ते वेगळे सांगावयास नको.

या वाढीचे मूळ समजून घ्यावयाचे, तर शरीराच्या कारभारात थोडे शिरावे लागेल. तांबड्या पेशी हाडांच्या मगजात तयार होतात, आणि एकेक पेशी सुमारे १२० दिवस जगते. किती पेशी घडवावयाच्या हे मगज आपल्या मर्जीने ठरवीत नाही. त्याचा हुकूम मूत्रपिंडाकडून सुटतो. रक्तात प्राणवायू कमी पडू लागला, की मूत्रपिंडातील काही पेशी एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. ते मगजातील कोवळ्या पेशींच्या पृष्ठावर असलेल्या विशिष्ट ग्राहकाशी जाऊन जुळते, आणि तेथून आत वर्दी जाते की वाढा, विभागा, हिमोग्लोबिन भरा. परंतु कोणत्याही शहाण्या कारभारात हुकूम बजावण्याची जशी तजवीज असते, तशी तो वेळेवर तहकूब करण्याचीही असावी लागते. या ग्राहकाचे शेपूट पेशीच्या आत लोंबत असते, आणि त्या शेपटाच्या अखेरच्या भागावर एक विकर येऊन बसते, जे पेटलेली वर्दी विझवून टाकते. काम झाले, आता पुरे, असे सांगणारी ही जागा आहे.

हेलसिंकी येथील आनुवंशशास्त्रज्ञ आल्बर्ट दे ला शापेल आणि रक्तविकारतज्ज्ञ एवा युव्होनेन यांनी मॅन्त्युरांता घराण्याचा तपास हाती घेतला, तो एरो यांची कारकीर्द संपून बराच काळ लोटल्यावर. घराण्यातील ९७ माणसांची पाहणी झाली, आणि त्यांपैकी २९ जणांच्या रक्तात हिमोग्लोबिन असेच चढे आढळले. चमत्कार असा की या माणसांच्या रक्तात एरिथ्रोपोएटिनचे प्रमाण मुळीच जास्त नव्हते. ते नेहमीइतके किंवा त्याहूनही कमी होते. म्हणजे हुकूम मोजकेच सुटत होते. अंमलबजावणी मात्र प्रमाणाबाहेर होत होती. प्रयोगशाळेत त्यांच्या मगजातील पेशी संप्रेरकाच्या अगदी अल्प मात्रेनेही जोमाने वाढू लागल्या, तेव्हा दोष ग्राहकात असणार हे उघड झाले. १९९३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात या मंडळींनी तो दोष नेमका दाखवून दिला. ग्राहक घडविण्याची आज्ञा ज्या जनुकात लिहिलेली असते, त्यात ६००२ क्रमांकाच्या जागी ग्वानीन या घटकाऐवजी अॅडेनीन बसले होते. सहस्रावधी अक्षरांच्या लेखात एकच अक्षर पालटले. पण ते अशा जागी पालटले की एका अमिनो आम्लाचे नाव जेथे यावयाचे, तेथे पूर्णविराम उमटला. परिणामी पाचशेहून अधिक अमिनो आम्लांच्या त्या साखळीतील शेवटची सत्तर घडतच नाहीत. ग्राहक बनतो, हुकूम घेतो, वर्दीही देतो. परंतु 'पुरे' म्हणणारे शेपूटच त्याला नसते.

महसुली दप्तरात जमिनीच्या नोंदीतील बदलाला आपण फेरफार म्हणतो, आणि असा फेरफार एकदा मंजूर झाला म्हणजे तो वारसाहक्काने पुढच्या पिढ्यांकडे चालत जातो. जनुकातील बदलाला जीवशास्त्रात उत्परिवर्तन हा शब्द रूढ असला, तरी मला जुना दप्तरी शब्दच या घटनेला अधिक साजतो असे वाटते, कारण हा बदलदेखील एका घराण्याच्या नोंदीत कोणा पूर्वजाच्या ठायी झाला आणि पुढे निमूटपणे उतरत आला. आई किंवा बाप यांपैकी एकाकडून बदललेली एकच प्रत मिळाली तरी तो आपला प्रभाव दाखवितो, आणि म्हणून प्रत्येक अपत्याला तो लाभण्याची शक्यता निम्मी असते. रक्त दाट झाल्याने हृदयावर ताण यावा, रक्ताच्या गुठळ्या व्हाव्यात, अशी भीती वैद्यकशास्त्राला साहजिकच वाटते. परंतु या घराण्यात तो बदल निरुपद्रवी ठरला, आणि ज्यांच्या रक्तात तो आहे अशी माणसे चांगली वृद्ध होऊन गेली. झेफेल्डच्याच बर्फावर १९७६ साली फिनलंडच्या ज्या संघाने साखळी शर्यतीचे सुवर्णपदक मिळविले, त्यात मॅन्त्युरांता यांचा एक भाचा होता.

ज्या संप्रेरकाच्या नुसत्या चाहुलीने या घराण्याचे मगज कामाला लागे, तेच संप्रेरक १९८९ सालापासून मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी औषध म्हणून मिळू लागले आणि हजारो क्षीणरक्त माणसांना त्याने पुन्हा चालतेफिरते केले. परंतु त्याच औषधाच्या कुप्या सायकलपटूंच्या आणि स्कीपटूंच्या सामानातही शिरल्या. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९९० मध्ये त्यावर बंदी घातली, पण ते ओळखण्याची चाचणी ऑलिंपिकमध्ये प्रथम लागू झाली ती २००० साली, सिडनी येथे. मधल्या काळात स्कीइंगच्या नियामकांनी हिमोग्लोबिनची कमाल मर्यादाच आखून दिली; तिच्या वर ज्याचे रक्त जाईल त्याला उतरता येणार नाही. मॅन्त्युरांता त्या नियमाखाली आले असते, तर आपल्या निसर्गदत्त रक्ताचा वैद्यकीय दाखला दाखविल्यावाचून त्यांना उभेही राहता आले नसते. आणि २००१ साली फिनलंडमधीलच लाहती येथे भरलेल्या जागतिक स्पर्धेत सहा फिनिश खेळाडू रक्त पातळ करणारे निषिद्ध द्रव्य वापरल्याबद्दल दोषी ठरले, तेव्हा त्या देशाला जो मनस्ताप झाला, तो मोठा होता.

स्वतः मॅन्त्युरांता यांच्या नावावरही एक काळी नोंद आहे, आणि ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. निवृत्तीनंतर ते पुन्हा परतले, १९७२ साली जपानमधील साप्पोरो येथे उतरले, तीस किलोमीटरमध्ये एकोणिसावे आले, आणि त्याच वर्षी मायदेशी झालेल्या उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत ते दोषी ठरले. अशा रीतीने पकडला गेलेला तो पहिला फिनिश खेळाडू. परंतु रक्ताचा प्रश्न त्याहून निराळा आहे. ते रक्त त्यांनी मिळविलेले नव्हते. ते त्यांना आले होते, जसा कोणाला गळा येतो, कोणाला उंची येते.

मग त्यांच्या यशाचे श्रेय जनुकाला द्यावयाचे की माणसाला? मला या प्रश्नाचे उत्तर एका जुन्या निकालपत्रकात दिसते. १९६८ साली फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे पंधरा किलोमीटरची शर्यत पुन्हा झाली. तेच मॅन्त्युरांता, तेच ग्रोनिंगेन, आणि मॅन्त्युरांता यांच्या नसांतून वाहणारे रक्तही तेच. या खेपेस ग्रोनिंगेन यांनी त्यांना १.९ सेकंदांनी हरविले. चार वर्षांपूर्वी चाळीस सेकंदांनी मागे पडलेला, निसर्गाने असे कोणतेही दान न दिलेला एक नॉर्वेजियन माणूस सराव करीत राहिला, आणि त्याने ते सारे अंतर भरून काढून वर दोन सेकंद मिळविले. जनुकातील फेरफार जर सर्वस्व असता, तर ही शर्यत तशी संपली नसती. आणि त्या घराण्यातील एकोणतीसही जण ऑलिंपिकला गेले असते, जे गेले नाहीत. दुसऱ्या बाजूने, तो फेरफार नसता तर झेफेल्डच्या वहीत चाळीस सेकंदांचे अंतर पडले असते, असेही प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही. दान मोठे होते, हे मान्य करण्यात त्या माणसाच्या कष्टांचा काही अवमान होत नाही. दान सर्वांनाच कमीअधिक मिळते. ते बर्फावर, चढणीवर, दर हिवाळ्यात शेकडो मैल वाहून नेण्याचे काम ज्याचे त्याला करावे लागते.

उतारवयात त्यांनी आपल्या मुलखात रेनडिअर पाळले. पेल्लो गावात त्यांचा पुतळा उभा आहे. २९ डिसेंबर २०१३ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी, औलू शहरी त्यांचे निधन झाले. तीन सुवर्ण, दोन रौप्य आणि दोन कांस्य अशी ऑलिंपिकची सात पदके त्यांच्या नावे नोंदलेली आहेत, आणि त्या नोंदीत कोणताही फेरफार करण्याचे कारण नाही.