उलाळ गाडी आणि पाण्याखालचा पंख

ऊस भरलेली बैलगाडी निघाली की जाणता गाडीवान आधी बैलांच्या मानेकडे पाहतो. भार आखाच्या पुढे जास्त झाला असेल तर जू खांद्यावर दाबून बसते. अशा गाडीला ‘धुरजड’ म्हणतात. भार मागे गेला तर दांडी वर उचलली जाते, जू मानेवरून सुटू पाहते आणि गळ्याखालचे पट्टे बैलांच्या गळ्याला काचतात. ही गाडी ‘उलाळ’. एकाच दोषाच्या दोन टोकांना आपल्या भाषेत दोन स्वतंत्र शब्द आहेत. पाठ्यपुस्तकात मात्र या सगळ्याला ‘परिबल’ हा एकच शब्द मिळतो, आणि तोही पट्टी व वजनांच्या आकृतीपुरता.

थोडे गणित करून पाहू. समजा, ऊस व गाडी मिळून १५०० किलो भार आहे. त्याचा गुरुत्वमध्य आखाच्या १५ सें.मी. पुढे आहे आणि आखापासून जू ३ मीटरवर आहे. मग जुवावर येणारा भार १५०० × १५ ÷ ३०० म्हणजे ७५ किलो. मोळ्या अशा रचल्या की गुरुत्वमध्य ५ सें.मी. मागे सरकला, तर तोच भार ५० किलो होतो, ५ सें.मी. पुढे गेला तर १०० किलो. दीड टनाच्या गाडीत चार बोटांचा फरक, आणि बैलांच्या खांद्यावरचे ओझे दुप्पट! खांदेसूज झालेली देवणी किंवा लाल कंधारी बैलजोडी पाहिलेल्या विद्यार्थ्याला हे गणित वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

यात उंचीचाही हिशेब असतो. उसाचा भार उंच रचलेला असतो. त्याचा गुरुत्वमध्य आखाच्या १ मीटर वर आहे असे धरा. वीस मीटरला एक मीटर असा चढ लागला की गुरुत्वमध्य आखाच्या मानाने ५ सें.मी. मागे जातो, उतारावर तेवढाच पुढे येतो. सहा मीटरला एक मीटर चढ असेल तर तो सुमारे १७ सें.मी. मागे जाईल, म्हणजे सपाटीवर ठीक असलेली आपली गाडी तेथे उलाळ होईल. म्हणून थोडी धुरजड गाडी भरणे शहाणपणाचे. पण किती थोडी, हे रस्ता पाहून ठरवावे लागते.

आता एकदम समुद्रावर जाऊ. जेथे २०१६ साली रेल्वेने पाणी आणावे लागले त्या लातूरच्या वाचकाला पाण्यावरच्या खेळाचे कौतुक सांगणे जरा विचित्रच. पण गाडीवानाचा हाच प्रश्न तेथे अधिक अवघड रूपात भेटतो.

विंडसर्फिंग म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभे राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून धावण्याचा खेळ. आपल्याकडे तो मुख्यतः गोव्याच्या किनाऱ्यावर दिसतो. तेथील डेन आणि कात्या कोएल्यो ही भावंडे या खेळातील परिचित नावे आहेत. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये (नौकानयनाच्या शर्यती मार्सेय येथे झाल्या) या खेळाचे रूप बदलले. फळीच्या बुडाला सुमारे ९५ सें.मी. लांबीचा एक उभा खांब आणि त्याच्या खालच्या टोकाला विमानासारखे दोन आडवे पंख आले. पुढचा मोठा, मागचा लहान. या जोडणीला फॉइल म्हणतात. आपण तिला जलपंख म्हणू. वेग आला की फळी खेळाडूसकट पाण्यातून वर उचलली जाते. पाण्यात उरतात फक्त जलपंख आणि खांबाचा काही भाग. फळीचे पाण्याशी घर्षण संपल्यामुळे मंद वाऱ्यातही चांगला वेग मिळतो.

पुढच्या पंखाचे क्षेत्रफळ जेमतेम ९०० चौ. सें.मी., म्हणजे ३० सें.मी. बाजूच्या फरशीएवढे. एवढासा पंख माणूस, फळी व शीड मिळून सुमारे १०० किलो कसे उचलतो? उचलणारे बल म्हणजे घनता, वेगाचा वर्ग, क्षेत्रफळ आणि पंखाचा आकार व कोन यांवर ठरणारा एक गुणांक, या सर्वांच्या गुणाकाराचे निम्मे. पाण्याची घनता १०००, वेग सेकंदाला ७ मीटर (ताशी सुमारे २५ कि.मी.), क्षेत्रफळ ०.०९ चौ. मी. आणि गुणांक ०.४५ धरला तर बल ९९० न्यूटनच्या आसपास येते. म्हणजेच सुमारे १०० किलोचे वजन. हवेची घनता पाण्याच्या सुमारे आठशेव्या भागाइतकी असते. तेव्हा याच वेगाने हवेतून एवढे वजन उचलायला पाऊणशे चौरस मीटरचा, दीड-दोन वर्गखोल्यांएवढा पंख लागेल.

जलपंख हा या फळीचा आखच. फळी आणि तिच्यावरचा भार त्यावर तोललेला असतो. फरक एवढाच, आणि तोच कळीचा आहे, की गाडीच्या आखाला जमिनीचा आधार असतो. भार असेल तेवढा तो आधार आपोआप मिळतो. जलपंखाचा आधार वेगावर आणि पाण्याला सामोऱ्या जाणाऱ्या पंखाच्या कोनावर अवलंबून असतो. वेग निम्मा झाला की आधार पाव होतो. फळीचे नाक किंचित वर झाले की कोन वाढतो, आधार वाढतो, फळी आणखी वर येते. ती फार वर आली तर पुढचा पंख पाण्याच्या पृष्ठभागाशी पोहोचतो, त्यावर हवा ओढली जाते, आधार एकाएकी नाहीसा होतो आणि फळी खाडकन पाण्यावर आदळते.

ही अडचण जुन्या संशोधकांनी वेगळ्या पद्धतीने सोडवली होती. दूरध्वनीमुळे ज्यांचे नाव आपण जाणतो त्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या ‘एचडी-४’ या जलपंखी नौकेने सप्टेंबर १९१९ मध्ये कॅनडातील एका सरोवरावर ताशी सुमारे ११४ कि.मी. वेग गाठला. तिचे पंख शिडीच्या पायऱ्यांसारखे एकावर एक लावले होते. नौका वर आली की वरच्या पायऱ्या पाण्याबाहेर येत, पाण्यातले क्षेत्रफळ कमी होई आणि ती आपोआप त्या उंचीवर थांबे. आजच्या फळीला अशी शिडी नाही. तिची उंची खेळाडूनेच पायांनी सांभाळायची.

मग मागचा छोटा पंख कशासाठी? तो बाणाच्या पिसांचे काम करतो. बहुधा तो किंचित खाली ढकलेल अशा कोनात बसवतात. नाक वर झाले की त्याचाही कोन बदलतो, खाली ढकलणे कमी होते आणि शेपटी वर येऊन नाक पुन्हा खाली येते. तो पुढच्या पंखापासून जितका लांब, तितका त्याचा तरफेचा हात मोठा आणि फळी शांत. मात्र वळायला जड.

आता तोल. गाडीत उंच रचलेला ऊस जे करतो ते येथे शीड करते. समजा, शिडाचे पुढे ओढणारे बल १२० न्यूटन आहे आणि ते जलपंखापेक्षा २.५ मीटर उंचीवर लागते. पाण्याचा विरोध खाली, ओढ वर. या जोडीने नाक खाली दाबणारे ३०० न्यूटन-मीटर परिबल तयार होते. ते तोलण्यासाठी १००० न्यूटनचा एकूण भार आधाराच्या ३० सें.मी. मागे यायला हवा. (मागच्या पंखाचा वाटा सोपेपणासाठी सोडून दिला आहे.) खेळाडू फळीच्या इतक्या मागे, जवळजवळ शेपटीवर का उभा असतो, याचे उत्तर येथे आहे. वाऱ्याचा झोत आला की शिडाची ओढ वाढून नाक आधी खाली जाऊ पाहते. मग वेग वाढतो, आधार वाढतो आणि फळी वर येऊ लागते. दोन्ही गोष्टी दोन-चार सेकंदांत घडतात.

काही फळ्यांच्या बुडाला दोन समांतर खाचा असतात आणि जलपंख त्यांत मागेपुढे सरकवून आवळता येतो. तो ३ सें.मी. पुढे घेतला तर भार आधाराच्या ३३ सें.मी. मागे पडतो आणि नाक उचलणारे ३० न्यूटन-मीटर परिबल जादा मिळते. ७० किलोचा माणूस सव्वाचार सें.मी. मागे सरकल्यासारखेच हे झाले. फळी लवकर उचलली जाते, पण मागच्या पायावर ताण येतो आणि ती वारंवार उसळी घेते. ही उलाळ फळी. जलपंख मागे नेला तर पुढच्या पायावर जोर येतो, नाक बसते, उचलायला जास्त वारा लागतो. ही धुरजड.

ऑलिम्पिकच्या फळीत जलपंख ठरावीक खाचेत घट्ट बसतो. तेथे ही सोय नाही. मग मागच्या पंखाखाली अर्ध्या अंशाची पाचर घालून त्याचा कोन बदलतात, किंवा शिडाच्या काठीचा पाया त्याच्या खोबणीत पुढेमागे करतात. पाया पुढे घेतला की शिडाचे वजन आणि शिडाला लटकलेल्या खेळाडूच्या वजनाचा काही भाग नाकाकडे जातो. अनुभवी मंडळी एका वेळी एकच गोष्ट एखाद्या सेंटीमीटरने बदलतात आणि आधीच्या जागी खूण करून ठेवतात. आपल्या प्रयोगवहीतही हेच अपेक्षित असते, पण मुले सर्रास दोन गोष्टी एकदम बदलतात.

फळी नसली तरी वर्गात हे दाखवता येते. खराट्याची २५ सें.मी. काडी घ्या. एक पोस्टकार्ड लांबीत कापून दोन पट्ट्या करा. एक पूर्ण पट्टी पुढचा पंख. दुसरीची अर्धी शेपटी. पुढचा पंख काडीवर सरकेल अशा कागदी कड्यात बसवा, शेपटी टोकाशी चिकटवून तिची मागची कड किंचित वर वळवा. नाकाला ओल्या मातीची गोळी लावा आणि हलक्या हाताने सरळ फेका. गोळी जड असेल तर विमान नाकावर पडेल. हलकी असेल तर नाक वर करून थबकेल आणि शेपटीकडे कोसळेल. मधले वजन सापडले की गोळीला हात न लावता फक्त पंख अर्धा-अर्धा सें.मी. पुढे-मागे करा आणि विमान किती लांब गेले ते प्रत्येक वेळी मोजून लिहा. पंख पुढे नेणे म्हणजे गोळी कमी करणे, हे दहा-बारा फेकींत मुलांच्या लक्षात येते. मग तेच विमान दुप्पट जोराने फेकायला सांगा, आणि नाक वर का गेले ते त्यांनाच विचारा.