लॅपटॉपचे अंतरंग (लेखांक सहावा) : ग्राफिक्स कार्ड आणि त्याचा सांगाडा

गेमिंग लॅपटॉप घेणारा मनुष्य ज्या एका जिनसापायी सर्वाधिक पैसे मोजतो, त्या ग्राफिक्स कार्डाविषयी दुकानात त्याची विचारपूस बहुधा नावापाशीच थांबते. या सवयीला २०२०-२१ च्या टंचाईने मोठाच हातभार लावला. महासाथीत वाढलेली मागणी, चिपांच्या कारखान्यांची अपुरी पडलेली क्षमता आणि ईथीरियम या आभासी चलनाचे ग्राफिक्स कार्डांवर ‘मायनिंग’ करणाऱ्यांची घाऊक खरेदी यांच्या ओढाताणीत एनव्हिडियाची सुटी कार्डे बाजारातून दिसेनाशी झाली, तेव्हा कित्येकांनी नाइलाजाने लॅपटॉपचा मार्ग धरला. आणि कार्ड पदरात पडले एवढ्यावरच संतोष मानल्यामुळे, ते ज्या सांगाड्यात बसविले आहे त्याची चौकशी करण्याचे भान कोणाला राहिले नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये ईथीरियमने मायनिंगची पद्धतच सोडली, टंचाई ओसरली; नावावर भाळण्याची सवय मात्र टिकून आहे.

वस्तुतः लॅपटॉपच्या बाबतीत नाव हा अपुरा दाखला होय. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० या नावाच्या डेस्कटॉप कार्डाला ४५० वॅट वीज आणि २४ जीबी मेमरी लाभते. लॅपटॉपमधील त्याच नावाच्या कार्डाची चिप निराळी, मेमरी १६ जीबी आणि विजेची मूळ मर्यादा ८० ते १५० वॅट. आरटीएक्स ४०६० च्या बाबतीत तर ही मर्यादा ३५ पासून ११५ वॅटपर्यंत पसरलेली आहे, म्हणजे एकाच नावाच्या दोन यंत्रांत विजेचा तिपटीहून अधिक फरक संभवतो. तो फरक ठरवितो सांगाडा. कारण कार्डाने घेतलेली सारी वीज अखेर उष्णताच होते आणि ती बाहेर टाकण्याइतकी जागा, तांबे आणि वारा आत नसेल, तर उत्पादकाला मर्यादा खाली आणावीच लागते. म्हणूनच, ११५ वॅट पेलणाऱ्या भक्कम सांगाड्यातील ४०६० हे गुदमरलेल्या ४०७० पेक्षा अधिक शहाणपणाचे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सांगाडा पारखताना धातू तेवढा उत्तम आणि प्लास्टिक तेवढे निकृष्ट असा सरधोपट निवाडा करू नये. ॲल्युमिनियम ताठ खरे, परंतु ते उष्णता झपाट्याने हातापर्यंत पोहोचविते. उलट जाड आणि आतून नीट आधार दिलेले प्लास्टिक वर्षानुवर्षे सेवा देते. खरी मेख बिजागरीत असते. झाकण उघडताना येणारा सारा पीळ ज्या स्क्रूंवर पडतो, ते पुष्कळ स्वस्त नमुन्यांत प्लास्टिकच्या इवल्याशा खुंट्यांत बसविलेल्या पितळी नटांत आवळलेले असतात. बिजागरी घट्ट आणि खुंटी नाजूक, सबब खुंटीला चीर जाते, नट उपटून येतो आणि झाकण उघडताच कोपऱ्याशी सांधा फाकू लागतो. यासाठी दुकानातच झाकण एका कोपऱ्याने सावकाश उघडून सांध्याकडे पाहावे आणि कीबोर्डच्या मध्यावर बोट दाबून तो किती खचतो हेही पाहावे.

कार्ड आणि सांगाडा यांबाबत ही दक्षता आवश्यक, कारण बहुतेक लॅपटॉपांत ग्राफिक्सची चिप मदरबोर्डलाच झाळलेली असते आणि मागाहून बदलता येत नाही. फ्रेमवर्क कंपनीच्या १६ इंची लॅपटॉपात कार्डाचा भाग काढून नवा बसविता येतो, पण तो अपवाद. खरेदीपूर्वी विक्रेत्यास यंत्र सुरू करावयास लावून एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमधील सिस्टिम इन्फर्मेशन उघडवावे; कमाल ग्राफिक्स पॉवरचा वॅटमधील आकडा तेथे नोंदलेला असतो. कार्डाची उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या आणि पंखे यांचा विचार पुढील लेखांकी करू.