काँक्रीटच्या अंगावरचे दगडी कातडे

सिमेंटच्या पुतळ्याला आमच्या धंद्यात फारसा मान नाही. ब्राँझ घरंदाज, संगमरवर खानदानी आणि सिमेंट म्हणजे नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात बसणारे! गेली ३० वर्षे सळया वाकवून, जाळी बांधून, वर मसाला थापून मी पुतळे करतो आहे. त्यामुळे रिओ दि जानेरोच्या कोर्कोवादो डोंगरावरचा हात पसरलेला ख्रिस्त माझ्या लेखी श्रद्धेपेक्षा व्यवसायाचा विषय आहे.

पुतळा ३० मीटर उंच, हातांचा पसारा २८ मीटर. उभा खांब कोणीही उभारील. पण दोन्ही बाजूंना अधांतरी एवढा भार तोलायचा, तोही सुमारे ७०० मीटर उंच सुळक्यावर, समुद्राच्या वाऱ्यात, हे येरागबाळ्याचे काम नव्हे. अभियंता एइतोर द सिल्वा कोस्ता याच्या पहिल्या आराखड्यात मुळात पसरलेले हात नव्हतेच. एका हातात क्रूस होता, दुसऱ्यात पृथ्वीचा गोल. लोकांनी त्याला ‘चेंडूवाला ख्रिस्त’ म्हणून निकालात काढले. मग हात पसरले आणि देहाचाच क्रूस झाला. पॅरिसमध्ये पॉल लांदोव्स्कीने शिल्प घडवले, चेहरा रुमानियाच्या गेओर्गे लिओनिदाने केला, सांगाड्याचे गणित आल्बेर काकोने मांडले. डोके आणि हात यांचे नमुने तुकड्यातुकड्यांनी जहाजातून ब्राझीलला आले. सामान वर चढवायला १८८४ पासूनची दातेरी रुळांची रेल्वे होतीच.

सांगाडा उभा राहील, पण दिसेल कसा? उघडे काँक्रीट सिल्वा कोस्ताला पसंत नव्हते. (मलाही नाही. एका गावी माझ्या पुतळ्याला दर जयंतीला ऑइलपेंट फासतात. शेल्याच्या चुण्या आता बुजल्या आहेत.) त्याने निवडला शंखजिऱ्याच्या जातीचा फिका दगड. हा दगड कापायला मऊ, पण उन्हापावसाला चिवट. त्याचे छोटे त्रिकोण पाडले. त्रिकोणच का, हे हाताने काम करणाऱ्याला लगेच कळेल: मोठी फरशी गालावर, झग्याच्या घडीवर बसत नाही, छोटा त्रिकोण कुठल्याही वळणाबरोबर वळतो.

हे हजारो तुकडे कापडावर चिकटवायला रिओतल्या बायका बसल्या. हळदीकुंकवाला जमाव्यात तशा. चिकटवताना तुकड्याच्या पाठीवर त्या आपल्या माणसांची नावे लिहीत. ते कापड मग काँक्रीटवर बसवले गेले, नावे आत गेली. १२ ऑक्टोबर १९३१ रोजी पुतळ्याचे उद्घाटन झाले. एवढ्या प्रचंड शिल्पात मला सर्वांत मोठे वाटते ते हे, कोणाच्याही नजरेस न पडणारे काम.

वर विजेचा मारा सतत. २०१४ च्या जानेवारीत उजव्या अंगठ्याचे टोकच उडाले. डागडुजी होत राहते, पण त्याच छटेचा दगड आता पुरेसा मिळत नाही. त्यामुळे नवे तुकडे किंचित गडद बसतात, आणि प्रत्येक दुरुस्तीबरोबर ख्रिस्त थोडाथोडा सावळा होत चालला आहे.