महागडा चाकू, एक फोटो आणि घराचा पत्ता: संग्राहकांची माहिती नेमकी फुटते कुठून?

जुलै २०२१ मध्ये ब्रिटनमधील ‘गनट्रेडर’ या बंदुकांच्या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावरून सुमारे १ लाख ११ हजार ग्राहकांची माहिती चोरीला गेली. त्यात नावे होती, पत्ते होते, फोन क्रमांकही होते. काही आठवड्यांतच ही यादी ‘गुगल अर्थ’वर उघडता येईल अशा स्वरूपात इंटरनेटवर आली. कोणत्या घरात बंदूक असू शकते, हे नकाशावर कोणालाही पाहता येऊ लागले.

हा प्रकार बंदुकांचा असला तरी हाताने घडवलेले चाकू जमवणाऱ्यांपुढेही हाच धोका आहे. वस्तू छोटी, किंमत मोठी आणि ती कोणाकडे आहे याची माहिती मात्र अनेकांच्या हाती. ही माहिती फुटते कशी आणि ती कशी सांभाळायची, हे समजून घेऊया.

चाकूला एवढी किंमत का?

‘कस्टम’ चाकू म्हणजे कारागिराने ग्राहकाच्या मागणीनुसार एकेक करून घडवलेला चाकू. या छंदाचे मोठे केंद्र अमेरिका आहे. तिथे १९७० मध्ये ‘नाइफमेकर्स गिल्ड’ ही कारागिरांची संघटना उभी राहिली. विल्यम मोरन यांनी १९७३ मध्ये दमास्कस पोलादाचे चाकू प्रदर्शनात मांडले आणि ही कला तिथे पुन्हा रुजली. २०१० मध्ये निधन झालेल्या बॉब लव्हलेस यांच्या चाकूंना आजही हजारो डॉलर मिळतात.

चोराच्या दृष्टीने पाहिले तर असा चाकू खिशात मावतो. बंदुकीवर क्रमांक असतो, तिची नोंद असते. हाताने घडवलेल्या अनेक चाकूंवर फक्त कारागिराची खूण असते. त्यामुळे चोरीनंतर ‘हा चाकू माझाच’ हे सिद्ध करणे अवघड जाते.

फोटोतून काय कळते?

मोबाइलने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये दिसत नसलेली माहितीही साठवलेली असते. तिला ‘एक्झिफ’ म्हणतात. तारीख, वेळ, मोबाइलचे मॉडेल आणि लोकेशन सुरू असेल तर अक्षांश-रेखांशही त्यात असतात. चार दशांश स्थळांपर्यंतचे अक्षांश मिळाले तरी जागा सुमारे ११ मीटरपर्यंत कळते. म्हणजे जवळपास इमारतच कळली.

डिसेंबर २०१२ मध्ये अँटिव्हायरस उद्योजक जॉन मॅकॅफी पोलिसांपासून लपून फिरत होते. एका नियतकालिकाने त्यांचा फोटो प्रसिद्ध केला. त्यातले लोकेशन काढायचे राहून गेले आणि ते ग्वाटेमालात असल्याचे जगाला समजले.

फेसबुक, इन्स्टाग्रामवर टाकलेल्या फोटोतून इतर वापरकर्त्यांना ही माहिती सहसा मिळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तरी ती गळून पडते. पण तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ई-मेलने पाठवला, तर मूळ फाइल लोकेशनसह पोहोचते. शिवाय फोटोत मागे दिसणारी खिडकी, सोसायटीची पाटी, पार्सलवरचा पत्ता हे कोणतेही अ‍ॅप पुसून देत नाही.

विक्रेत्याकडची यादी

संग्राहकाने स्वतः काहीच टाकले नाही तरी त्याचा पत्ता विक्रेत्याकडे असतोच. ब्रिटनमध्ये १८ वर्षांखालील व्यक्तीला चाकू विकता येत नाही, त्यामुळे ऑनलाइन विक्रेत्याला ग्राहकाचे वय तपासावे लागते. हेतू योग्यच आहे. पण ओळखीची माहिती जितकी जास्त ठिकाणी साठेल, तितक्या तिच्या फुटण्याच्या जागा वाढतात.

‘लेजर’ या क्रिप्टो वॉलेट कंपनीची २०२० मध्ये चोरीला गेलेली यादी याचे उदाहरण आहे. त्यात सुमारे २ लाख ७२ हजार ग्राहकांची नावे, टपालाचे पत्ते आणि फोन क्रमांक होते. ग्राहकांचे पैसे त्यातून थेट गेले नाहीत, पण त्यांना धमक्यांचे आणि फसवणुकीचे मेसेज येऊ लागले. मौल्यवान वस्तू घेणाऱ्यांची यादी ही स्वतःच एक मौल्यवान वस्तू असते.

भारतात कायदा काय सांगतो?

इथे चोरासोबत कायद्याचाही विचार करावा लागतो. शस्त्र नियम २०१६ नुसार ९ इंचांपेक्षा (सुमारे २३ सेंटिमीटर) लांब किंवा २ इंचांपेक्षा (सुमारे ५ सेंटिमीटर) रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली पाती यातून वगळली आहेत. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४ नुसार केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या भागात अशी ठरावीक शस्त्रे बाळगायला परवाना लागतो.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असेल, तर सार्वजनिक ठिकाणी चाकू, तलवार घेऊन फिरता येत नाही. तलवारीने वाढदिवसाचा केक कापल्याच्या व्हिडिओंवरून राज्यात अनेकदा गुन्हे दाखल झाले आहेत. कुरिअरने मागवलेल्या तलवारीही औरंगाबाद आणि पिंपरी-चिंचवड पोलिसांनी पकडल्या आहेत. त्यामुळे हौसेने टाकलेली रील पोलिसांसाठी पुरावाही ठरू शकते.

मग काय काळजी घ्यावी?

• कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद ठेवा. जुने फोटो पाठवण्याआधी त्यातले लोकेशन काढून टाका.

• फोटो साध्या कापडावर किंवा कोऱ्या भिंतीसमोर काढा. संपूर्ण संग्रह एकाच फोटोत दाखवू नका.

• प्रदर्शनाला किंवा बाहेरगावी गेल्याची पोस्ट परत आल्यावर टाका.

• खोके टाकून देण्याआधी त्यावरचा पत्ता फाडून नष्ट करा. शक्य असेल तर पार्सल कार्यालयाच्या पत्त्यावर मागवा, पण तिथे आधी परवानगी घ्या.

• खरेदीसाठी वेगळा ई-मेल आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड वापरा.

• पात्याची लांबी-रुंदी मोजून ठेवा. शंका असेल तर मागवण्याआधीच पोलीस ठाण्यात किंवा वकिलाकडे विचारा.

• प्रत्येक चाकूचे दोन्ही बाजूंचे फोटो, कारागिराची खूण, वजन, मापे आणि पावती यांची नोंद ठेवा. पोलीस तक्रार आणि विम्याच्या दाव्यासाठी ती लागते. घरफोडीच्या विम्यात अशा संग्रहावर मर्यादा असू शकते, म्हणून वस्तू स्वतंत्रपणे नोंदवता येतात का, हे विमा कंपनीला विचारा.

मात्र ही नोंद चुकीच्या हाती पडली तर चोराला आयतीच यादी मिळेल. ती मोबाइलच्या गॅलरीत ठेवू नका. पासवर्ड लावलेल्या पेन ड्राइव्हमध्ये ठेवा आणि तिची एक प्रत घराबाहेर, बँकेच्या लॉकरसारख्या ठिकाणी असू द्या. माहिती फुटल्यानंतर कोणी ऑनलाइन फसवणूक केली, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा.