मुंबई-न्यूयॉर्क विमान : जाताना जास्त वेळ, येताना कमी! असे का?

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. थेट विमानाला जाताना साधारण १५ ते १६ तास लागतात, येताना तास-दीड तास कमी. कारण जेट स्ट्रीम, म्हणजे सुमारे १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे. जाताना ते समोरून अडवतात, येताना मागून ढकलतात.

तिकिटावर मात्र स्थानिक वेळा असतात. रात्री २ ला निघालेले विमान त्याच दिवशी सकाळी ८ ला पोहोचणार असे दिसते. प्रवास सहा तासांचा नव्हे. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा.

खरी गफलत तारखेत होते. १५ तारखेचे रात्री २ चे विमान म्हणजे १४ च्या रात्रीच विमानतळ गाठायचा. १५ च्या रात्री बॅगा घेऊन निघालात, तर विमान एव्हाना न्यूयॉर्कला उतरलेले असेल.