हात अडतो, बुद्धि अडत नाहीं

दहावीची परीक्षा जवळ आली म्हणजे नव्या मुंबईंतील अनेक सुशिक्षित घरांतून एक तक्रार ऐकूं येते. मुलगा बोलतो उत्तम, इतिहासाचीं उत्तरें तोंडीं बिनचूक देतो. पण वही पुढें ठेवली कीं चार ओळींपलीकडे जात नाहीं. आजोबा म्हणतात, हा आळस आहे. आई म्हणते, मोबाइलचा नाद आहे. शिकवणीचे मास्तर म्हणतात, सराव कमी पडतो. कांहीं मुलांच्या बाबतींत हीं तिन्ही निदानें खरीं नसतात. त्यांच्या मेंदूची घडणच चारचौघांहून निराळी असते, आणि बुद्धीच्या मानानें त्यांचें लेखन मागें राहतें.

अशा मुलांचे प्रकार अनेक आहेत. डिस्लेक्सिया असलेल्यास शब्दांतील ध्वनि व त्यांचीं चिन्हें यांची सांगड घालणें कठीण जातें; डिसग्राफिया असलेल्याचा हात अक्षरांवर सहज वळत नाहीं. अवधान स्थिर न राहणाऱ्या मुलास आरंभ करणें व क्रम राखणें जड जातें. स्वमग्न मुलापुढें ‘माझें स्वप्न’ असा मोघम विषय ठेवला तर कोठून सुरुवात करावी हेंच त्यास उमगत नाहीं. तोच मुलगा आगगाडीच्या वेळापत्रकावर मात्र दोन पानें लिहील.

आपल्या देवनागरीचा आपणांस सार्थ अभिमान आहे. तरी तिच्यांत चकवे थोडे नाहींत. ‘कि’ या अक्षरांत उच्चार आधीं ‘क’ चा, पण वेलांटी बसते त्याच्या अलीकडे. ‘र’ हा एकच वर्ण ‘सूर्य’ शब्दांत डोक्यावर रफार होतो आणि ‘प्रकाश’ शब्दांत पायाशीं तिरपी रेघ होतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांत फरक एका वळणाचा. त्यावर ऱ्हस्वदीर्घाचे नियम. सरावलेल्या हातास यांतील कशाचीच आठवण ठेवावी लागत नाहीं. ज्याचा हात सरावत नाहीं, त्याचें सारें लक्ष अक्षरांतच खर्च होतें, आणि जो विचार लिहावयाचा तो वाक्य पुरें होण्यापूर्वींच निसटून जातो.

येथें आमचें मुख्य सांगणें असें कीं, रचना करणें आणि अक्षरें काढणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत. शाळा तीं एकत्र तपासते म्हणून आपण तीं एकच समजतों. आपल्या पूर्वजांनीं तसें कधीं मानलें नाहीं. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें ज्ञानदेवांनीं सांगितली व सच्चिदानंदबाबांनीं लिहून घेतली. तुकोबांचे अभंग उतरून घेण्याचें श्रेय परंपरा संताजी जगनाडे यांस देते. महाभारताचे लेखनिक गणपति झाले ही कथा भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीनें मूळ संहितेंत घेतली नसली, तरी घराघरांत ती सांगितली जाते. लेखनिक दुसरा होता म्हणून व्यासांचें कर्तृत्व कोणी कमी लेखिलें काय?

हाच मार्ग घरीं अनुसरावा. निबंधाचा विषय मिळाला कीं मुलास प्रथम बोलूं द्यावें. आजोबांनीं किंवा काकूंनीं तें बोलणें जसेंच्या तसें उतरावें. स्वतःचें एकही वाक्य त्यांत घालूं नये. मग मुलानें तें वाचावें किंवा ऐकावें, क्रम लावावा, आणि त्यांतील पांचच वाक्यें स्वतःच्या हातानें लिहावीं. कांहीं दिवसांनीं पांचांचीं आठ करावीं. मोघम विषयाचे चार नेमके प्रश्न करून द्यावे. चंचल मुलास तासभर न बसवितां दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडून द्यावे. तपासतांना एका वेळीं एकाच प्रकारची चूक दाखवावी. लाल शाईनें रंगलेलें पान पाहून पुढचें पान लिहिण्याची उमेद कोणासही राहत नाहीं. आधीं विचारांतील चांगलें तें सांगावें, शुद्धलेखन मागाहून पाहावें.

कोणी म्हणेल, अशानें मुलगा परावलंबी होईल. हाताचा सराव सोडावा असें आम्ही म्हणत नाहीं. तो रोज थोडा चालूंच ठेवावा. परंतु तो जमेपर्यंत मुलाचे विचार अडवून ठेवूं नयेत. आपल्या बोलण्याचा लेख होतो हें एकदां पाहिलेलें मूल पुढें स्वतःच लेखणीकडे वळण्याचा संभव अधिक.

कायदाही आतां पाठीशीं आहे. १९९५ च्या कायद्यांत अपंगत्वाचे सात प्रकार होते. त्यांत अध्ययन-अक्षमता नव्हती. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यानें ते एकवीस केले व त्यांत विशिष्ट अध्ययन-अक्षमता आणि स्वमग्नता या दोहोंस स्थान दिलें. अवधानदोषाचें स्वतंत्र नांव मात्र त्या यादींत नाहीं. परीक्षेंत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेंतून सूट या सोयींचा उल्लेख त्याच कायद्यांत आहे. वाशी येथें महानगरपालिकेचें दिव्यांगांसाठीं ईटीसी केंद्र आहे. खारघर येथें राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन संस्थेचें प्रादेशिक केंद्र आहे. अध्ययन-अक्षमतेच्या तपासणीसाठीं शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत वेगळा विभाग आहे. दहावीच्या परीक्षेच्या मुंबई विभागीय मंडळाचें कार्यालयही वाशीसच आहे. तपासणीस वेळ लागतो व अर्ज शाळेमार्फत करावयाचा असतो, म्हणून नववीच्या आरंभींच हालचाल करावी.

इतकें असूनही कित्येक घरें तपासणीस जात नाहींत. घराण्यांत सर्वांचें अक्षर मोत्यासारखें, मग आमच्याच नातवास दाखला कशाला? लोक काय म्हणतील? धाकट्या बहिणीच्या लग्नांत ही गोष्ट निघाली तर? या विचारानें दाखला टाळला जातो. मुलाचें वैगुण्य त्यानें झाकलें जात नाहीं; तें रोज वर्गांत उघडें पडतच असतें. जातो तो केवळ त्याच्या हक्काचा जादा वेळ. ‘मी मठ्ठ आहें’ हा समज चौदाव्या-पंधराव्या वर्षीं एकदां पक्का बसला कीं पुढें गुणांनींही तो सहज निघत नाहीं. वही लपविणें, निबंधाच्या दिवशीं पोट दुखणें, भावंडांसमोर उर्मट बोलणें हीं बहुधा त्याचींच चिन्हें असतात.

एकत्र कुटुंबांत मुलाची चुलत भावाशीं तुलना करणारीं माणसें जशीं असतात, तशींच त्याचें ऐकून घेण्यास मोकळीं माणसेंही असतात. ज्या घरांत निवृत्त आजोबा आहेत, तेथें लेखनिक शोधावयास दूर जावें लागत नाहीं. रोज अर्धा तास नातवासमोर बसून, न टोकतां, तो सांगेल तें लिहून घ्यावें. दहावीचा निकाल कसाही लागो, आपल्या डोक्यांत लिहिण्याजोगें कांहीं आहे एवढा विश्वास त्या मुलापाशीं राहील.